नाव नका सांगू!

अंबादासमामांच्या फाटकातून आत शिरून ज्यानं आधी आपलं नाव सांगितलं, त्याला त्यांच्याकडं खोली मिळत नसे. मी थापा मारत नाही. मी स्वतः त्या फाटकात उभी राहून "नमस्कार, माझं नाव..." एवढंच म्हटलं, तर समोरच्या उंच, काटकुळ्या म्हाताऱ्यानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि तो ओरडला, "नाव नका सांगू! नाव नका सांगू, बाई! खोली पायजे का नाई?"

"पाहिजे," मी म्हटलं. घाबरूनच म्हटलं.

"मंग पानी किती लागते ते सांगा."

मी बाजारहत्नूरच्या भाजीवाल्या माळ्याची पोरगी. मराठी शाळेत मास्तरीण झाले आणि बदलीचा हुकूम आला आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथचा. त्या दिवशी सकाळपासून ट्रंक शाळेत ठेवून मी गावभर खोली शोधत हिंडत होते. प्रत्येक ओट्यावर तेच. नाव काय, आडनाव काय, कोणाच्या, कोणत्या गावच्या, आणि शेवटी आवाज बारीक करून, "मालक कुठं असतात?" मालक नाहीत, लग्नच व्हायचंय म्हटलं, की खोली भाड्यानं गेलेली असे. एका घरी तर कुलपावर कोळ्याचं जाळं मला समोर दिसत होतं आणि बाई म्हणत होत्या, "कालच गेली हो." माझं डोकं असं तापलं होतं, की आणखी एकानं विचारलं असतं तर मी चप्पलच काढली असती. शेवटी शाळेतल्या शिपायाला माझी कीव आली. तो म्हणाला, "बाई, त्या येड्याकडं जा. तो कायी विचारत नाई."

विचारत नाही कसा? बक्कळ विचारलं. पाणी किती लागते, सकाळी केव्हा उठता, भाकर जास्त खाता का भात? भाकर जास्त असेल तर धूर जास्त, मग मागच्या खिडकीची खोली. सैपाक उभं राहून करता का बसून? दारामागं उभं करून बांबूच्या काडीनं माझी उंची मोजली. आणि मग एकदम, "रडू आलं तर मोठ्यानं रडता का हळू?"

"हे काय विचारणं झालं?" मी भडकलेच.

"भिंत चार इंचाची हाय, बाई. शेजारी ऐकू जाते. मोठ्यानं रडत असान तर कडेची खोली देतो. रडाले मनाई नाई."

मी म्हटलं, मी रडतच नाही, रडवते. मामा खूश झाले. हात वर करून म्हणाले, "मंजूर!"

मामांची सारी नोकरी तहसील कचेरीत, साहेबांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर गेली. अटेंडर होते. रिटायर झाले तेव्हा स्टूल कचेरीत राहिलं, पण आतून ऐकू येणारे शब्द त्यांनी घरी आणले. खोली मागायला येणं म्हणजे 'अर्ज'. खोली दाखवणं म्हणजे 'मुआयना'. मामी जेवायला हाक मारायच्या तेव्हाही मामा अंगणातून ओरडत, "मंजूर, येऊन राह्यलो." भाजीत मीठ कमी असलं तर ती भाजी 'नामंजूर' होई आणि मामी ती त्यांच्यापुढून उचलून गाईला घालत. मग मामा कोरडी भाकर खात.

फाटकाच्या आत ओळीनं पाच खोल्या. प्रत्येकीचा दरवाजा सागवानी, आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. पिवळा, निळा, हिरवा, लाल आणि कोपऱ्यातला पांढरा. नाव विचारायचं नाही म्हटल्यावर माणसाला हाक कशी मारायची? रंगानं. त्या दिवसापासून मी 'पिवळ्या बाई' झाले ती झालेच. शेजारी शेतकी खात्यातले करीमनगरकडचे तेलुगू साहेब होते, ते 'निळे'. ते पहिल्यांदा आले तेव्हा "ना पेरु..." म्हणायला लागले, तर मामांनी कान झाकले, "पेरु वद्दु! पेरु वद्दु!" लाल दरवाजात बसचे ड्रायव्हर होते, त्यांना "नाम नक्को, भाई!" असं ऐकावं लागलं होतं. नाव नको हे मामांना तीन भाषांत म्हणता येई. पोस्टमन बिचारा रोज फाटकात उभा राहून पत्ता मोठ्यानं वाचायचा आणि ज्याचं पत्र असेल तो धावत यायचा. पत्ता वाचला जात असताना मामा मुद्दाम विहिरीकडं निघून जात.

या हट्टापायी एकदा मोठाच घोटाळा झाला. हिरव्या दरवाजात कापसाच्या जिनिंगवर काम करणारा एक पोरगा होता. त्याचं लग्न ठरलं, आदिलाबादला. मामांनी स्टीलचं मोठं पातेलं घेतलं आणि भांडीवाल्याकडून त्यावर कोरून घेतलं, 'चि. हिरवे यांस अंबादासमामाकडून सप्रेम भेट.' मांडवात ते पातेलं नवरीच्या मामानं उचलून पाहिलं आणि तो ओरडलाच, "हे हिरवे कोन? आमी तं पोरगी भलत्याच आडनावाच्या घरी देऊन राह्यलो!" झालं! वाजंत्री थांबली. अक्षता हातात तशाच. नवरदेव घामाघूम. त्याला दरवाजाचा रंग समजावून सांगता येईना. तेव्हा आमचे मामा मांडवाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "पाव्हणे, तुमी पोरगी आडनावाले देऊन राह्यले का पोट्ट्याले? आडनावाले देत असान तं त्या पातेल्यासंगं फेरे घाला तिचे." पहिल्यांदा नवरीची म्हातारी आजी हसली. मग सारा मांडव हसला आणि लग्न लागलं.

आता खोल्यांचं सांगते. बोथमध्ये तेव्हा भाड्याची खोली म्हणजे चार भिंती, एक दार आणि वरून घरमालकाची मेहेरबानी. मामांकडं खाली शाहाबादी फरशी होती. ओटा होता, ओट्याला पाणी जायला मोरी होती, आणि ती मोरी तुंबत नसे. पंख्याचा हूक होता. प्रत्येक खोलीत आरसा होता, आणि तो भाडेकरूच्या उंचीप्रमाणं वरखाली होई. नवीन काही केलं, की ते भाडेकरूला द्यायच्या आधी मामा स्वतः त्या खोलीत मुक्कामाला जात. वळकटी घेऊन, स्टोव्ह घेऊन. धूर कुठून जातो, दुपारी ऊन कुठवर येतं, कूस बदलली तर हात भिंतीला लागतो का, सगळं पाहत. एकट्यानं भाकरी थापत आणि करपवत. मामी त्या मुक्कामाला कधीच जात नसत.

दर रविवारी सकाळी मामा अंगणात खुर्ची टाकून बसत आणि आम्हा भाडेकरूंना एकेक करून बोलावत. "पिवळ्या बाई, तक्रार?" नाही म्हटलं की तोंड उतरायचं. "तक्रार नाई? मंग तुमी खोलीत राह्यता का नुसत्या झोपता? ज्याले घर आपलं वाटते तो तक्रार करते." आता काय करावं या माणसाला! शेवटी आम्ही शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून तक्रारी जुळवायला लागलो. निळे साहेब म्हणाले, माझ्या दाराची कडी गोड वाजत नाही. मी म्हटलं, माझ्या खिडकीत कावळा बसतो आणि मला अभ्यास तपासू देत नाही. मामा छाती फुगवून म्हणाले, "तक्रार दाखल!" आणि सोमवारी माझ्या खिडकीला तिरपी फळी बसली. कावळा घसरून पडायचा. मला त्याचीच दया यायची.

पण एका गोष्टीवरून माझं आणि मामांचं जुंपायचं. साऱ्या दुनियेला शाहाबादी फरशी, आणि हे दोघं राहत कुठं? मागच्या टिनाच्या छपरात. खाली शेणामातीची जमीन, चूल अशा कोपऱ्यात की सारा धूर मामींच्या डोळ्यांत. मामी येता-जाता पदरानं डोळे पुसत. आणि इकडं कोपऱ्यातली पांढऱ्या दरवाजाची खोली, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत चांगली, रिकामी! कुलूप लावून! तिच्यात दर महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी नवीन होई. कधी मोठी खिडकी, कधी कोनाड्याला कमान. किती अर्ज आले. बँकेचे साहेब आले, दवाखान्याचे डॉक्टर आले. सगळे नामंजूर.

एकदा गवंडी काम करत होता तेव्हा मी आत डोकावले. म्हटलं, "मामा, हे सारं उलटं झालं की! बटन डावीकडं, कोनाडा डावीकडं, ओट्यावर चुलीची जागाही डावीकडं."

"त्या भाडेकरूले असंच लागते."

"कोणत्या भाडेकरूला? येणार केव्हा तो? तोवर मामींना राहू द्या ना इथं. डोळे जाऊन राहिले त्यांचे!" मी चिडले की माझीही बोली सुटते.

मामा तसूभर हलले नाहीत. म्हणाले, "तिची तक्रार कधी दाखल झाली नाई."

असा राग आला मला! मी तरातरा मागं गेले. मामी डाव्या हातानं सुपातली तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. बुटक्या, गोऱ्या, शांत बाई. मी म्हटलं, "मामी, तुम्ही तक्रार करा. या रविवारी करा. मी सांगते ना!"

"भाडेकरू तक्रार करते, पोरी. मी काय भाडेकरू हाय?"

"मग काय आहात? मालकीण आहात ना? आणि माझ्या खोलीत का येत नाही तुम्ही? एवढे दिवस झाले, चटणी देता तीही उंबऱ्याबाहेरून!"

मामींनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरात जाऊन पुन्हा निघनं मले जमत नाई. एकदा निघाली, तेवढं पुरे झालं."

मग त्यांनी सांगितलं. मामांची नोकरी नवी होती, लग्न नवं होतं. समोर रस्त्यापलीकडं किराणावाल्या सेठचं घर आहे ना, त्याच्या बाजूची खोली त्यांना मिळाली होती. म्हातारे सेठ तेव्हा दुकानात होते, चावी त्यांच्या नोकरानं दिली. मामींनी खोली झाडली. पाणी आणलं. चूल पेटवली आणि नव्या घरातला पहिला चहा ठेवला. चहाला उकळी येऊन राहिली होती तेव्हा म्हातारे सेठ दारात आले. नाव विचारलं. गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि हात पुढं केला. "चावी."

"शिवी नाई देल्ली," मामी म्हणाल्या. "कायीच बोलले नाई. नुसता हात पुढं. जातानी चूल विझवाले पाहिजे होती, पानी बाहेर फेकून देल्लं त्यायनं. मंग म्या चहाच ओतला चुलीत."

मामींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"तवापासून तुमच्या मामाले नावाचं वावडं हाय. ही समोरची जागा घेतली, तं लोक म्हनले, येडा हाय, दुसरीकडं स्वस्त भेटते. हे म्हनले, नाई, मले इथंच पायजे. त्याच्या दारासमोर. पाहू दे त्याले रोज, खोली कशी देतात ते."

आणि पाहत होतेच ते. म्हातारे सेठ गेले, आता त्यांचा मुलगा दिगंबरसेठ गादीवर बसायचा. त्याच्याही चार खोल्या होत्या, पण एकेक भाडेकरू रस्ता ओलांडून आमच्याकडं येत गेला. सेठ लोकांना सांगायचा, "त्या घरात कोन कोनाचं हाय कायी पत्ता नाई." मामा ऐकून म्हणत, "बरोबर बोलला. पत्ता नाईच. मोरी मात्र तुंबत नाई." गल्लीत सगळ्यांना वाटायचं, पांढरी खोली मामांनी एका दिवसासाठी राखून ठेवली आहे. सेठच्या घरचं कोणीतरी येईल, ती मागेल, आणि मामा हात पुढं करून "नामंजूर" म्हणतील. मलाही तसंच वाटायचं. खरं सांगायचं तर मी त्या दिवसाची वाट पाहत होते.

आणि तो दिवस आला. सेठच्या माडीची भिंत फाटली. मिस्त्री म्हणाला, सारी माडी आणि तिला टेकलेल्या चारही खोल्या उतरवाव्या लागतात. दुकान खालीच चालू ठेवायचं, आईला पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणजे जागा जवळच हवी आणि जमिनीवर हवी. अशी जागा गल्लीत एकच होती. त्याच महिन्यात हिरव्या दरवाजातलं जोडपं आदिलाबादला राहायला गेलं होतं. रविवारी सकाळी आमच्या तक्रारी चालू होत्या, तेवढ्यात फाटक वाजलं. दिगंबरसेठ टोपी हातात घेऊन उभा. गल्लीतली सारी दारं आपोआप उघडली.

सेठ घसा साफ करून म्हणाला, "अंबादासजी, मी... तुमाले माझं नाव..."

"नाव नका सांगू!" मामांनी कानांत बोटं घातली.

सेठ गांगरला. त्याचं नाव साऱ्या गावाला ठाऊक. दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं.

"पानी किती लागते?" मामांनी विचारलं.

"अं? तिघं आहो आमी. दोन हंडे, तीन हंडे..."

"भाकर जास्त का भात?"

"आईले भाकरच लागते."

"भांडन मोठ्यानं करता का हळू?"

सेठची मान खाली गेली. म्हणाला, "तुमी मागचं कायी विचारनार नाई?"

"मागचं काय? मागच्या खिडकीतून धूर बरोबर जाते. हिरवी खोली मंजूर!" आणि मामांनी सेठच्या हातावर चावी ठेवली. हात पुढं करून मागितली नाही. ठेवली. मी निळ्या साहेबांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता.

सेठनं चावी घेतली, पण पाय निघेना. म्हणाला, "एक इनंती होती. आईच्या खाटेले जागा जास्त लागते. ती कोपऱ्यातली पांढरी भेटली असती तर..."

"नामंजूर. ती दिलेली हाय."

"कोनाले?"

मामांनी मागच्या छपराकडं मान वळवली. तेवढ्यात मागून मामी आल्या. चुलीपुढून उठून आल्या होत्या, डोळे लाल, पदर डोळ्यांना. डाव्या हातात फुंकणी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डावीकडचं बटन! डावीकडचा कोनाडा! अगं बाई, मी किती भांडले या माणसाशी!

मामा आत गेले. बुद्धाच्या तसबिरीखालच्या खिळ्यावरून चावी काढून आणली आणि मामींपुढं उभे राहिले. "खोली पायजे का?"

"थट्टा करून राह्यले काय?" मामी म्हणाल्या.

"पानी किती लागते?"

"अहो, काऊन असं करता? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. लोकायनंच पाहाले पायजे." मामांनी चावी पुढं धरली. "लय दिवसापासून देतो देतो म्हनून राह्यलो. दर वेळी वाटे, अजून बरोबर नाई झाली. ओटा बरोबर नाई, खिडकी बरोबर नाई. समोरच्या त्या खोलीपेक्षा कमी नाई झाली पायजे. मंजूर हाय, घे."

मामींनी फुंकणी माझ्या हातात दिली आणि चावी घेतली. कुलूप काढलं. पांढरा दरवाजा उघडला आणि उंबऱ्याशी येऊन थांबल्या. थांबूनच राहिल्या. मला वाटलं, फिरतात आता मागं.

वळून त्यांनी मामांकडं पाहिलं. "पुन्हा मागसान तर नाई?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली. सेठ खाली फरशीकडं पाहत होता.

मामी आत गेल्या. आम्ही अंगणात उभे. आतून झाडूचा आवाज आला. मग भांडं ठेवल्याचा. मग मामांनी आधीच आत ठेवलेल्या स्टोव्हचा. मामा उंबऱ्यावर बसले, खोलीकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड करून, दोन्ही हात चौकटीला लावून. चहाला उकळी येऊन तो कपात ओतला जाईपर्यंत ते हलले नाहीत. कोणाची हिंमत आहे चावी मागायची, ते पाहतच होते जणू.

आतून फुर्रकन चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग मामी म्हणाल्या, "अहो, ओटा बोटभर उंच झाला."

"दाखल," मामा म्हणाले, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडायला लागले.